नसलेल्या दाढेतला किडा

तीर्थपुरीच्या आठवडी बाजारात त्या दिवशी लोक भाजीपाला सोडून तोंडं उघडून बसले होते. बसस्टँडमागच्या मोकळ्या जागेत पांढरा मंडप पडला होता आणि गाल धरलेल्या माणसांची रांग पार मिरचीवाल्यांच्या पालांपर्यंत गेली होती. कुणाच्या गालाला फडकं, कुणाच्या दाढेत लवंग. ज्यांचं काहीच दुखत नव्हतं असेही बरेच जण रांगेत होते. फुकट दिसतंय तर आपल्याही तोंडात काय दडलंय ते बघून घ्यावं, एवढाच त्यांचा हिशोब होता.

स्टेजवर दंतयोगी राधेश्याम उभे होते. अंगात भगवी कफनी, कफनीवर डॉक्टरी पांढरा कोट, गळ्यात रुद्राक्षांची माळ आणि माळेत अडकलेला स्टेथोस्कोप. दातांच्या इलाजात स्टेथोस्कोपचं काय काम, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

“मायबाप पेशंटहो,” भोंग्यातून आवाज घुमत होता, “जुन्या काळी ऋषींना दिव्यदृष्टी होती, आज एआयला आहे. दोघांत फरक एवढाच, की ऋषींना चार्जर लागत नव्हता. आमच्या या यंत्रानं एक कोटी दाढा पाहिल्यात. अमेरिकेच्या पाहिल्या, जपानच्या पाहिल्या. मग तीर्थपुरीची दाढ त्याच्यापासून काय लपणार?”

लोकांना पटलं. जपानची दाढ ज्याला कळते त्याला तीर्थपुरीची कळू नये, असं काही कारण दिसत नव्हतं.

दंतयोगींच्या हातात एक पांढरी बंदूक होती. ती पेशंटच्या गालाला लावायची, ‘ॐ स्कॅनाय नमः’ म्हणायचं आणि घोडा दाबायचा. गालावर लाल उजेड पडे, टुंग असा आवाज होई आणि लॅपटॉपला जोडलेल्या मागच्या पडद्यावर अख्ख्या तोंडाचा एक्स-रे उमटे. वरची ओळ, खालची ओळ आणि एका दाढेभोवती लाल चौकट. चौकटीखाली अक्षरं: किडा सापडला, खात्री सत्त्याण्णव टक्के.

किडा सापडला की इलाज. स्टेजच्या कोपऱ्यात पाण्यानं भरलेली परात होती आणि परातीच्या मधोमध तापवलेली वीट. विटेवर तुपात घोळलेल्या कसल्याशा बिया टाकायच्या, वरून बुडाला भोक पाडलेलं मडकं पालथं घालायचं, भोकात पपईच्या देठाची नळी खोचायची आणि नळीचं दुसरं टोक पेशंटच्या तोंडात द्यायचं. दंतयोगी याला ‘नॅनो धुरी’ म्हणत. पेशंट खोकून खोकून लाल झाला की मडकं उचलायचं. परातीतल्या पाण्यात बारीक पांढरे किडे तरंगत असत. मग बंदूक पुन्हा गालाला, पुन्हा टुंग, आणि पडद्यावर दातांच्या दोन ओळी, पण आता चौकट गायब. खाली अक्षरं: तोंड निर्मळ. ज्यांच्या दाढा दुखत नव्हत्या ते तोंडात बोटं घालत, बाकीचे हात जोडत.

रामप्रसाद सर या मंडपात भांडायला आले होते.

सर हायस्कूलला विज्ञान शिकवत आणि उरलेल्या वेळात भोंदू पकडत. त्यांची एक पत्र्याची पेटी होती. पाणी शिंपडताच पेटणारा नारळ, कापल्यावर रक्त येणारं लिंबू, जिभेवर जाळायचा कापूर, असा सगळा सरंजाम तिच्यात असे. कुठं कुणाच्या अंगात आलं, कुणी हवेतून अंगारा काढला, की सर पेटी घेऊन हजर. त्या पेटीपुढं तालुक्यातल्या अनेक बाबांनी हात टेकले होते. सरांनी सांगितलं म्हणजे तपासूनच सांगितलं असणार, असं लोक मानत. सरही तसंच मानत, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

त्यांची आई द्वारकाबाई बरेच दिवस दाढ धरून बसली होती. घनसावंगीला डॉक्टर संध्याकडं दाखवून आणा, असं सरांची बायको शीतल रोज सांगत होती. संध्या सरांचीच विद्यार्थिनी. पण सरांना सवड मिळत नव्हती, कारण भोंदू फार झाले होते. शेवटी कंटाळून द्वारकाबाई पदर गालाला लावून स्वतःच मंडपातल्या रांगेत येऊन बसल्या. सर स्टेजवर चढले तेव्हा त्यांना आई पहिल्या सतरंजीवर दिसली आणि ते आणखीच तापले.

“महाराज, ही कुठल्या देवाची कृपा म्हणायची?” सरांनी पेटी टेबलावर आपटत विचारलं.

दंतयोगी मुरलेले होते. “कृपा कसली, सर? शुद्ध विज्ञान आहे. देव नाही, अंगारा नाही. तुमच्यासारख्या अभ्यासू माणसानं येऊन तपासावं, हीच माझी इच्छा होती.”

सरांनी पेटी उघडली आणि मिटली. लॅपटॉपवर उतारा पेटीत नव्हता. शिवाय एआय एक्स-रे वाचून आजार ओळखू शकतं, हे त्यांनी स्वतःच शाळेच्या परिपाठात सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. देवाच्या नावानं आलेल्या माणसाला सरांनी दारातच अडवलं असतं. हा विज्ञानाच्या नावानं आला होता, म्हणून त्याला त्यांनी मनातल्या मनात खुर्ची दिली.

“ठीक आहे, प्रयोग करू,” सर म्हणाले. “इलाजाआधीचं चित्र आणि नंतरचं चित्र, दोन्ही माझ्या मोबाईलवर पाहिजेत. आणि पेशंट मी निवडणार.”

“जरूर,” दंतयोगी म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं. सरांना तो नम्रपणा वाटला.

सरांनी आईला निवडलं. बंदूक लागली, टुंग झालं, खालच्या उजव्या दाढेभोवती लाल चौकट उमटली. द्वारकाबाईंनी नळी तोंडात धरली. “ही तर रिंगणीची धुरी दिसून राह्यली,” एवढं त्या म्हणाल्या आणि पुढचं खोकल्यात गेलं. मडकं उचललं, परातीत किडे. मग ‘प्रसादाची गोळी’ पाण्याबरोबर गिळायला दिली, घरी न्यायला पुडीही दिली. थोडा वेळ बाजूला बसवून पुन्हा टुंग केलं तर तोंड निर्मळ.

“कसं वाटतंय, आई?”

“धुरानं काही दिसून न्हाई राह्यलं. पण ठणका कमी हाय, खोटं कामून बोलू?”

दाढेतला किडा नळीतून धुराच्या उलट्या दिशेनं पोहत परातीत कसा उतरला, अशी एक शंका सरांच्या मनात डोकावली होती. पण पडदा स्वच्छ होता, आईचा ठणका थांबला होता, आणि आधी-नंतरची अट सरांची स्वतःची होती. स्वतःच्या अटीवर कोण शंका घेणार? त्यांनी माइक घेऊन जाहीर केलं, “मी तपासलंय. परिणाम डोळ्यांसमोर आहे.” दंतयोगींनी पुढं केलेल्या कागदावर ऐटीत सहीसुद्धा ठोकली.

रांगेत सरांचा शेजारी भिवा होता. स्टँडसमोर, सरांच्या घरातून दिसेल अशी त्याची उसाच्या रसाची रसवंती होती. त्याचा गाल मोसंबीएवढा झाला होता आणि घनसावंगीची जीप पकडावी की इथंच थांबावं, याचा तो विचार करत होता. सरांची घोषणा ऐकून त्यानं जीप सोडून दिली.

एक-दोन दिवस बरे गेले. मग प्रसादाच्या गोळ्या संपल्या आणि द्वारकाबाईंचा जबडा असा सुजला की भाकरीचा तुकडा जाईल एवढंही तोंड उघडेना. अंगात ताप भरला. सरांनी मोबाईल काढून नंतरचं चित्र पुन्हा नीट पाहिलं.

“चित्र तर निर्मळ आहे. सूज उतरायला वेळ लागत असेल.”

शीतलनं चुलीवरचा तवा खाली ठेवला. “तुम्ही चित्र बघून राह्यले का आईकडं बघून राह्यले?”

सरांनी मोबाईल खिशात टाकला. त्यांनी आईला धरून शेअर जीपमध्ये बसवलं आणि घनसावंगी गाठली. वाटेत स्टँडवर दंतयोगींचा नवा फलक लागला होता. दोनच दिवसांनी शहागडला शिबिर. फलकाच्या मधोमध रामप्रसाद सरांचा हसरा फोटो, खाली ठळक अक्षरांत: विज्ञानाची मोहर. सरांनी मान दुसरीकडं वळवली, पण जीपवाल्यानं हौसेनं विचारलंच, “सर, तुम्हीच ना ते?”

डॉक्टर संध्यानं द्वारकाबाईंना खुर्चीत बसवलं. कसंबसं तोंड उघडायला लावून आत एक बोटभर रुंदीची पट्टी ठेवली, बाहेरून गालाशी यंत्राचं नळकांडं आणलं, आणि थोड्या वेळात तिच्या लॅपटॉपवर दातांचं चित्र आलं. त्या चित्रावर दोन पिवळ्या चौकटी होत्या. सरांचा चेहरा उजळला.

“तुझ्याकडंही एआय आहे?”

“आहे ना, सर. चांगलं आहे. मला न दिसलेलं कधी कधी दाखवून देतं.” तिनं पहिल्या चौकटीवर बोट ठेवलं. “ह्या दाढेच्या मुळाशी पू झालाय म्हणतंय. आणि दुसरी चौकट हिच्या शेजारच्या दाढेवर, तिथं कीड आहे म्हणतंय. बघू.” तिनं एक बारीक दांडी घेऊन शेजारच्या दाढेवर हळूच ठोकलं. “आजी, इथं दुखतं?”

“न्हाई.”

“आणि इथं?”

द्वारकाबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि संध्याच्या सात पिढ्यांचा उद्धार ओठांपर्यंत आणून परत गिळला.

“पू खरा आहे. कीड चुकली,” संध्या म्हणाली. “दोन दातांची सावली एकमेकांवर पडलीय, तिला ते कीड समजलं. असं होतं. त्यानं बोट दाखवायचं आणि मी तपासायचं. शेवटी सही माझी असते.”

सही हा शब्द सरांना बोचला. तरी त्यांनी मोबाईल पुढं केलाच. “पण हे बघ की. इलाजाआधीचं आणि नंतरचं. मी स्वतः अट घालून काढून घेतलंय.”

संध्यानं चित्र मोठं केलं. एकदा मोबाईलकडं पाहिलं, एकदा आजींच्या तोंडात. “आजी, ही चौकटीतली दाढ कुठंय तुमची?”

“ती व्हय?” द्वारकाबाई सुजलेल्या तोंडानं म्हणाल्या. “ती तर ह्या रामप्रसादच्या बाळंतपणात हलल्ती. मंग शहागडच्या बाजारात उपटून घेतली. तिला जाऊन जमाना झाला.”

जी दाढ सरांच्या जन्मापासून गैरहजर होती, तिच्यात किडा सापडला होता, आणि तोही सत्त्याण्णव टक्के खात्रीनं.

“ही दोन चित्रंही एका माणसाची नाहीत,” संध्या सावकाश म्हणाली. “दातांची ठेवणच वेगळी आहे. अख्ख्या तोंडाचा असा फोटो काढायचा तर यंत्र डोक्याभोवती फिरावं लागतं. आजी, फोटो काढताना त्यांनी तोंडात काही ठेवलं होतं का? डोक्यामागं काही फिरवलं?”

“काहीच न्हाई. भाईरून लाल बत्ती मारली.”

“सर, एक्स-रे गालातून आरपार जातात. पलीकडं ते झेलायला काही नसेल तर चित्र उमटणार कशावर? हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत.”

शिकवलं होतं. फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं, आणि आकृतीला नावं दिली नाहीत म्हणून याच संध्याचे मार्क कापले होते.

द्वारकाबाईंनी पदराची गाठ सोडून प्रसादाची पुडी दिली, तेव्हा संध्यानं तिच्यात उरलेला गोळीचा तुकडा बोटावर घेऊन पाहिला. “ही साधी ठणका मारायची गोळी दिसतेय, वरची अक्षरं खरवडून टाकलीत. दुखणं थांबलं आणि आत पू वाढत राहिला. अजून उशीर झाला असता तर सूज गळ्यात उतरून श्वास अडकला असता, सर.”

रामप्रसाद सर मनापासून घाबरले. जन्मभर दुसऱ्यांना विचारलेला साधा प्रश्न आपण आपल्या आईच्या बाबतीत विचारला नाही, याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी आईचे पाय धरले. द्वारकाबाईंना वाटलं, आता दाढ उपटायची वेळ आली आणि पोरगं आपल्याला पळू देत नाही.

दाढ निघाली, पू निघाला, औषधं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई पातळ खिचडी मागायला लागल्या. पण सरांना घास जाईना. त्यांना समोरच्या रसवंतीवर, गालाला मफलर गुंडाळून ऊस पिळणारा भिवा दिसत होता. ते उठून गेले.

“भिवा, चल घनसावंगीला. तो माणूस खोटा आहे.”

“मव्हा फोटो निर्मळ आलाय, सर.” भिवानं मोबाईल दाखवला. धुरी झाल्यावर महाराजांनी प्रत्येकाला निर्मळ तोंडाचा फोटो पाठवला होता.

सरांनी आपलाही मोबाईल शेजारी धरला. दोन्ही चित्रं एकच होती. “हे बघ, तुझं आणि माझ्या आईचं तोंड एकच कसं असेल? आणि तुझा पुढचा दात अर्धा तुटलाय. फोटोत तो अख्खा आहे.”

भिवानं दातावरून जीभ फिरवून खात्री केली. “अर्धाच हाय. पण महाराज म्हणले, एआय फुडचं बी दाखवतं. हा फुडं येणारा दात असंल.”

“आणि माझ्या आईचा फोटो?”

“काकूंचा बी फुडचा असंल.” भिवाला बोलताना कळ आली, तो थांबला. मग जरा कडक आवाजात म्हणाला, “सर, मी त्या दिवशी जीप सोडली ती तुमच्या सहीवर. मी काय शिकेल न्हाई. तुम्ही माइकवर म्हणले बराबर हाय, आता म्हणता खोटं हाय. मंग खरं कोणतं, तवाचं का आत्ताचं? मी तर उद्या शहागडला दुसरी धुरी घ्यायला जाऊन राह्यलो. किडे म्या मह्या डोळ्यानं पाह्यले.”

सरांच्या शब्दाला किंमत होती तेव्हा त्यांनी तो वाटेल तसा खर्चला होता, आता भिवाच्या जबड्याला गरज पडली तर हाताशी काही उरलं नव्हतं. आणि धुरीनं त्याचा गाल आणखी फुगला तर तो दोष फक्त दंतयोगींचा नव्हता.

घरी येऊन ते पेटी उघडून बसले. नारळ, लिंबू, कापूर. काही उपयोगाचं नव्हतं.

“तुझ्या पेटीत त्याला पुरंल असं काही न्हाई,” द्वारकाबाई बाजेवरून म्हणाल्या. “ती पोरगी काय म्हणली? यंत्र समोरच्या तोंडात बघतच न्हाई. मंग समोर तोंड कशाला पाह्यजे? परसातल्या वेलाला भोपळा लागलाय, तो ने.”

सरांनी उठून दुधी भोपळा तोडला, पुसला आणि पेटीत नारळाशेजारी ठेवला.

शहागडचा मंडप हमरस्त्याला लागूनच होता. ट्रकवाले गाड्या लावून आत डोकावत होते, गोदाकाठच्या गावांतून माणसं आली होती, आणि पहिल्या रांगेत मफलरवाला भिवा बसला होता. फलकावरचा माणूस सदेह येताना पाहून दंतयोगींनी हात पसरले.

“या, सर. मायबापहो, हेच ते विज्ञानाची मोहर उठवणारे सर.”

“महाराज, आज एक पेशंट मी माझ्या हातानं तपासतो,” सर म्हणाले. “शाळामास्तरच्या हातून झालं की लोकांचा विश्वास आणखी बसेल.”

दंतयोगींनी क्षणभर विचार केला. पण समोर टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि टाळ्यांपुढं त्यांचं काही चालत नसे. त्यांनी बंदूक दिली. सरांनी पेटी उघडली, भोपळा काढून टेबलावर ठेवला, त्याच्या फुगीर अंगाला बंदूक लावली, ‘ॐ स्कॅनाय नमः’ म्हटलं आणि घोडा दाबला.

टुंग. पडद्यावर दातांच्या दोन भरगच्च ओळी आल्या. एका दाढेभोवती लाल चौकट होती. किडा सापडला, खात्री सत्त्याण्णव टक्के.

मागून एक ट्रकवाला म्हणाला, “भोपळ्याला अक्कलदाढ बी हाय, बघा.” आणि हशा असा उसळला की बाहेरचे लोक आत आले.

“वनस्पतींनाही जीव असतो,” दंतयोगी घाईनं म्हणाले. “आणि आज नेटवर्कचाही थोडा प्रॉब्लेम आहे.”

“मग भोपळ्याला बरं करू,” सरांनी पुन्हा घोडा दाबला. धुरी नाही, गोळी नाही, तरी पडद्यावर तोंड निर्मळ. पुन्हा दाबला, नवे दात, नवी चौकट. पुन्हा निर्मळ. सर दाबत गेले आणि भोपळा आजारी पडून बरा होत गेला. शेवटी पडदा काळा झाला आणि वर इंग्रजीत एक बारीक ओळ आली. सरांनी ती मराठीत वाचून दाखवली: “स्लाइड शो संपला, बाहेर पडण्यासाठी क्लिक करा.”

दंतयोगी खरोखरच बाहेर पडायला निघाले होते. पण दाराशी ट्रकवाले उभे होते आणि त्यांना आता जायची बिलकुल घाई नव्हती.

सरांनी बंदुकीचं झाकण नखानं उचकटलं. आत कम्प्युटरचा साधा माऊस आणि एक लाल बत्ती निघाली. लोक हसले, पण भिवा हसला नाही. तो उठून उभा राहिला.

“फोटो खोटा असंल, सर. पण किडे तर म्या पाह्यले.”

“तू पाहिलेस, भिवा. मीही पाहिले. आता तोंडाशिवाय बघू.” सरांनी वीट तापवायला लावली, तुपात घोळलेल्या बिया स्वतः टाकल्या, मडकं पालथं घातलं आणि नळीचं टोक भोपळ्याच्या देठाशी टेकवलं. धूर भोपळ्याभोवती घुटमळत राहिला. भोपळा खोकला नाही, एवढाच काय तो फरक. मडकं उचललं तेव्हा परातीत पांढरे किडे तरंगत होते, नेहमीइतकेच.

“हे रिंगणीचं बी आहे. आपल्या बांधावर उगवते ती काटेरी रिंगणी. माझ्या आईनं वासावरून ओळखलं होतं, मी लक्ष दिलं नाही.” सरांनी ओल्या बीचं टरफल नखानं सोलून आतला वाकडा पांढरा कोंभ भिवाच्या तळहातावर ठेवला. “बी तापलं की फुटतं आणि हा कोंभ उडून पाण्यात पडतो. ज्याला आपण किडा म्हणालो तो हा. तो दाढेतून आला नाही. दात किडतो तो साखरेनं, तोंडातल्या सूक्ष्म जंतूंनी. त्यांना धुरानं बाहेर काढता येत नाही आणि परातीत मोजताही येत नाही.”

भिवानं तळहातावरचा कोंभ आणि परातीतला किडा शेजारी ठेवून बराच वेळ पाहिलं.

“आणि मी सही केली ती चूक होती,” सर माइकवर म्हणाले. “एआय खोटं नाही. घनसावंगीच्या डॉक्टरकडं खरं यंत्र आहे, त्यानं माझ्या आईच्या दाढेतला पू दाखवला. एका ठिकाणी ते चुकलंही, आणि डॉक्टरनं ते तपासून दुरुस्त केलं. इथं तपासायला कुणी नव्हतं, मीसुद्धा नव्हतो. देवाच्या नावानं आला तरी तपासा, विज्ञानाच्या नावानं आला तरी तपासा. आणि रामप्रसाद सर म्हणतात म्हणून तर मुळीच मानू नका.”

“मंग हे तरी कामून मानायचं?” भिवानं विचारलं.

“नको मानू. संध्याच्या खुर्चीत बस. ती तोंडात काय ठेवते ते बघ. आणि तुझा अर्धा दात चित्रात अर्धाच दिसतो का, ते तुझं तू बघ.”

भिवानं मफलर घट्ट केला आणि कोंभ परातीत टाकून दिला. “जीप कुठं लागती?” एवढंच तो म्हणाला.

दंतयोगींना न्यायला पोलीस आले. संध्यानं तक्रार आधीच दिली होती. जादूटोणाविरोधी कायदा आणि डॉक्टरीचं नसलेलं शिक्षण, दोन्ही त्यांच्या नावावर लागलं. जाताना त्यांनी स्टेथोस्कोप काढून ठेवला, माळ मात्र ठेवली.

भिवाचा अर्धा दात खऱ्या एक्स-रेत बरोबर अर्धाच दिसला. तो पाहूनच त्यानं इलाजाला तोंड उघडलं, असं संध्यानं नंतर सांगितलं. काही दिवसांनी तो कापूस दाबलेल्या गालानं सरांच्या घरी जेवायला आला. चावायला जड नको म्हणून शीतलनं त्याच भोपळ्याची भाजी करायचं ठरवलं होतं. द्वारकाबाईंनी विळीवर भोपळा मधोमध चिरला, आत बारकाईनं पाहिलं आणि गंभीर तोंडानं म्हणाल्या, “आत किडा न्हाई. धुरीनं गुण आला म्हणायचा याला.”

सर हसले, पण भिवा विचारात पडला. कापूस सांभाळत तो म्हणाला, “गुण यायला आधी त्याला दात तर पाह्यजे, काकू.”

“एवढंच,” सर म्हणाले, “एवढंच मी पहिल्या दिवशी बघायला पाहिजे होतं.” आणि त्यांनी भाजीसाठी ताट पुढं केलं.